तीस हजार रुपये आणि चित्राखालची ओळ

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. 'ब' वर्गाचं, सकाळ-संध्याकाळ उघडं, उन्हाळ्यात दुपारभर बंद. बाहेर पंचेचाळीस अंश आणि डोक्यावर पत्रे, बसणार कोण? गेल्या वर्षी एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या घरच्यांनी त्यांच्या स्मरणार्थ तिथे तीस हजारांची देणगी दिली. अट एकच घातली. या पैशांतून इतिहासाची सचित्र पुस्तकं घ्यायची, पण स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी नाही, त्यांच्या पुस्तकांनी अर्धी कपाटं आधीच भरलेली आहेत. ज्याला कुठली परीक्षा द्यायची नाही, नुसतं जाणून घ्यायचंय, त्याच्यासाठी घ्यायची.

मी शेजारच्या तालुक्यात महाविद्यालयात इतिहास शिकवतो. ग्रंथनिवड समितीने सल्ल्याला बोलावलं म्हणून या निवडीत होतो. ती कशी झाली, कुठे अडली, काय घेतलं आणि काय परत पाठवलं ते इथे मांडतो. लहान वाचनालयांपुढे हा प्रश्न सारखा येतो, आणि निवड झाली की यादी तेवढी उरते, तिच्यामागची भांडणं कुणी लिहून ठेवत नाही.

आधी देवघेवीची वही

पहिल्या बैठकीला अध्यक्ष अप्पा यादी खिशात घालूनच आले होते. वर एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचा इंग्रजी ग्रंथ, किंमत साडेतीन हजारांच्या पुढे. "एक तरी वस्तू अशी पाहिजे की पाहुणा आला तर कपाट उघडून दाखवता येईल," हे त्यांचं म्हणणं. ग्रंथपाल ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवघेवीची नोंदवही टेबलावर ठेवली.

वहीतून दोन गोष्टी दिसल्या. तसलाच एक इंग्रजी ग्रंथ पूर्वी कुणीतरी भेट दिलेला होता. त्यावर 'संदर्भ' असा शिक्का मारून तो काचेच्या कपाटात ठेवला होता आणि तिथून तो कधी हललाच नव्हता. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. बालविभागातले सचित्र ज्ञानकोश सर्वांत जास्त फिरत होते, पण ते नेणारी मुलं नव्हती. नातवाच्या कार्डावर आजोबा नेत होते. एसटीतून निवृत्त झालेले एक आबा, बचत गटाच्या दोन-तीन बाया, एक कापूसवाले नाना. मोठ्यांच्या इतिहासात चित्र नाही आणि चित्राच्या पुस्तकात मोठ्यांसाठी मजकूर नाही, म्हणून ही माणसं लाजत लाजत बालविभागात शिरत होती.

देणगीतली अट नेमकी यांच्यासाठी होती. मग यांनाच विचारायचं ठरलं. पुस्तकं कोणती हवीत हे विचारून उपयोग नसतो, माणूस 'चांगली आणा' म्हणतो. ताईंनी त्याऐवजी पुस्तक परत करायला आलेल्याला एकच विचारायचं धरलं: यातलं कुठलं चित्र लक्षात राहिलं, आणि त्याबद्दल काय कळलं नाही? नाना नुकतेच अजिंठा पाहून आले होते. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, पण आयुष्यात पहिल्यांदाच गेले होते. त्यांनी पद्मपाणीच्या, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हाई खरंच आसं व्हतं का, ताई? आम्ही पाह्यलं ते तर काळपट दिसे."

हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आला. महाराज खरंच असेच दिसत होते का? पानिपत असंच झालं का? हे कुणी काढलं, तो तिथे होता का? अभ्यासक ज्याला साधनचिकित्सा म्हणतात तीच ही, आणि ती कापूस वेचून आलेला माणूस आपल्या आपण करतो. आपली बहुतेक सचित्र पुस्तकं त्याला उत्तर देत नाहीत.

त्यामुळे निवडीची कसोटी समितीला बाहेरून आणावी लागली नाही. चित्राखालची ओळ वाचायची. चित्र कुणी काढलं, कधी काढलं, आज कुठे आहे, एवढं तिथे असेल तर पुस्तक पुढच्या फेरीत. नुसतं 'छत्रपती शिवाजी महाराज' किंवा 'पानिपतचे युद्ध' असं असेल तर ते चित्र नव्हे, सजावट.

पसंतीला आलेला ढीग

जळगावच्या विक्रेत्याने न आवडलेली परत घ्यायच्या बोलीवर दोन खोकी पाठवली. शिवकालावरचे सचित्र खंड, किल्ल्यांची छायाचित्रं, जगाच्या इतिहासाचे भाषांतरित कोश, अजिंठा-वेरूळ, १८५७, स्वातंत्र्यलढा, आणि चकचकीत मुखपृष्ठाची काही स्वस्त पुस्तकं. प्रत्येकातली ओळखीची चार-पाच चित्रं काढून त्याखालच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. ओळखीचीच, कारण तिथे पुस्तकाला थाप मारता येत नाही.

पहिलं अर्थातच महाराजांचं चित्र. त्यांच्या हयातीतली किंवा त्यांच्या निधनानंतर लगेचची म्हणून ओळखली जाणारी चित्रं दख्खनी, बहुतेक गोवळकोंडा शैलीतली आहेत आणि ती युरोपात गेली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एक. घोड्यावरचं प्रसिद्ध चित्र मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराचं, इटालियन प्रवासी मनुचीने करवून घेतलेलं. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. व्हॅलेंटाइन नावाच्या डच लेखकाच्या ग्रंथात, १७२४ ते १७२६ मध्ये, छापलेलं चित्र इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३० च्या दशकात आपल्याकडे पुढे आणलं. त्याआधी इब्राहीम खान नावाच्या भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघरी लागत होतं. ही हकिगत वाचकाला सांगितली तर तो पुस्तक खाली ठेवणार नाही. ढिगातल्या एकाच खंडाने ती सांगितली होती. दुसऱ्या एका देखण्या खंडात सतराव्या शतकातलं लघुचित्र, विसाव्या शतकातलं तैलचित्र आणि एका चित्रपटाच्या जाहिरातीसारखं काहीतरी एकाच पानावर, एकाच मापाचं, तिन्हींखाली एकच नाव. तो देखणा खंड तिथेच बाद झाला. अप्पांना वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. छपाई फार सुंदर होती.

पानिपतच्या बाबतीत तर ओळ नसण्याने अर्थच फिरतो. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं जे चित्र सगळीकडे छापतात ते सुमारे १७७० चं, फैजाबाद शैलीतलं, आता ब्रिटिश लायब्ररीत. फैजाबाद अवधचा नवाब शुजाउद्दौला याची राजधानी, आणि शुजा त्या दिवशी अब्दालीच्या बाजूने होता. म्हणजे जिंकलेल्यांच्या गोटात, दहा वर्षांनी काढलेलं हे चित्र. हे कळलं की वाचक चित्रात आपली माणसं कुठल्या कोपऱ्यात ढकललीत ते शोधायला लागतो. आबांनी पुढे तेच केलं, भिंग घेऊन.

१८५७ च्या पुस्तकात लखनौच्या सिकंदर बागेचं छायाचित्र होतं: पडझड झालेली इमारत आणि पुढे विखुरलेले सांगाडे. खाली 'नोव्हेंबर १८५७'. लढाई नोव्हेंबरमधली खरी, पण छायाचित्रकार फेलिचे बिआतोने ते घेतलं १८५८ च्या वसंतात, काही महिने उलटल्यावर, आणि हाडं चित्रासाठी मुद्दाम मांडली असावीत असं अभ्यासक मानतात. छायाचित्र म्हटलं की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो, म्हणून तिथली ओळ हाताने काढलेल्या चित्राखालच्या ओळीहून जास्त काटेकोर हवी.

नानांचा अजिंठा

अजिंठ्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. खान्देशाला अजिंठा आपलाच वाटतो, जिल्हा शेजारचा असला तरी.

तीन पुस्तकांत तोच पद्मपाणी तीन रंगांचा होता. एकात पिवळसर, एकात गडद तपकिरी, एकात चेहऱ्यावरचा प्रकाश सुद्धा दिसेल इतका स्वच्छ. नानांची शंका इथेच होती. यातला काही भाग छपाईचा आणि कॅमेऱ्याच्या दिव्यांचा, पण सगळा नाही. निजामाच्या काळात, १९२० ते १९२२ दरम्यान, इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकवायचं काम केलं तेव्हा वर लाखेचा लेप दिला होता; तो पुढे पिवळा पडला. नंतर पुरातत्त्व खात्याने बऱ्याच ठिकाणी तो साफ केला. त्यामुळे छायाचित्र कोणत्या सालचं आहे हे सांगितल्याशिवाय अजिंठ्याच्या रंगाबद्दल बोलणं फोल आहे. आणि कित्येक पुस्तकांत छायाचित्र नसतंच, जुनी नक्कल असते. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. कलाशाळेचा ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा बसला. त्यातल्याही कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या, आणि उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड निघाले. जे भिंतीवर आज पुसट झालंय ते ग्रिफिथ्सच्या नकलेत ठसठशीत दिसतं. पण ते त्याच्या हातचं असतं, हे विसरायचं नाही.

अजिंठ्यावरची जी दोन पुस्तकं घेतली त्यांतल्या एकात ही सगळी कथा चित्रांसकट आहे: भिंत, नकला आणि आजचं छायाचित्र. ते डेमी आकाराचं, साधं, किंमत सातशेच्या आत. अप्पांच्या साडेतीन हजारांच्या ग्रंथात अजिंठ्याला दोन पानं होती, आणि पद्मपाणीचं नाक बरोबर मधल्या शिवणीत गेलं होतं.

हे शिवणीचं प्रकरण किरकोळ नाही. दोन पानांवर पसरलेलं चित्र मांडणीकाराला भव्य वाटतं, पण पुस्तक सपाट उघडत नसेल तर महत्त्वाचा भाग घडीत गडप होतो. शिवाय वाचक ते दाबून उघडायला जातो, आणि नुसत्या डिंकाची बांधणी असेल तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात पानं सुटी होतात. ढिगातली निम्मी पुस्तकं तशी निघाली. जाड आर्ट पेपर आणि वर डिंकाची पाठ, म्हणजे वर्षभरात पानांची गड्डी हातात. पुस्तक मधोमध उघडून दोरा दिसतो का हे ताई प्रत्येक वेळी बघत होत्या. मला आजवर मजकुरापलीकडे बघायची सवय नव्हती, त्यांना होती.

जगाचे कोश आणि नकाशे

जगाच्या इतिहासाच्या भाषांतरित सचित्र कोशांबद्दल थोडक्यात. चित्रं उत्तम, खालच्या ओळी पूर्ण, संग्रहालयांची नावं जागच्या जागी. अडचण दोन. अशी पुस्तकं अनेक भाषांसाठी एकत्र छापतात आणि काळ्या शाईतला मजकूर तेवढा बदलतात. नकाशातली नावं रंगीत किंवा पांढऱ्या अक्षरांत असली की ती इंग्रजीच राहतात. आणि भारत त्यात सिंधू संस्कृतीला येतो, अकबराला येतो, मग थेट गांधीजींना. मराठे एका वाक्यात. तरी एक घेतला, कारण इजिप्त-रोम-चीन याबद्दल मराठीत त्या दर्जाची चित्रं दुसरीकडे नाहीत. परदेशी छपाईच्या एका पुस्तकात भारताच्या नकाशावर 'बाह्य सीमा अचूक व अधिकृत नाहीत' असा शिक्का होता. अप्पांनी त्यावरून पुस्तकच परत करायला काढलं. असा शिक्का आयात पुस्तकांवर नेहमी असतो हे सांगितल्यावर ते राहिलं.

नकाशांवरून एक कडवट गोष्ट मात्र लक्षात आली. ढिगातल्या एकाही पुस्तकात खान्देश धड नव्हता. फारुकी सुलतानांनी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूरहून इथे दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, अकबराने अशीरगड घेतला तो १६०१ मध्ये. नकाशांत त्या जागी गुजरात आणि माळवा यांच्यामधली एक रिकामी चिंचोळी पट्टी.

काल्पनिक चित्रांचं भांडण

खरा वाद नव्याने काढलेल्या चित्रांवर झाला. समितीतल्या एका तरुण शिक्षकाचं म्हणणं, जे त्या काळातलं नाही ते नकोच. मला हे पटलं नाही. रिकामं लेणं पाहून तिथे भिक्षू कुठे झोपत, दिवे कुठे ठेवत, हे साध्या वाचकाला कळत नाही. चांगल्या चित्रकाराने अभ्यासकाला विचारून काढलेलं चित्र ते एका नजरेत सांगतं. मोडक्या बुरुजाचंही तसंच. अट इतकीच की 'कल्पनाचित्र' असं खाली लिहिलेलं असावं, आणि कशाच्या आधारावर काढलं तेही. अशी दोन पुस्तकं मिळाली. दोन्ही घेतली.

स्वस्त चकचकीत पुस्तकं याच कारणाने गेली. त्यांतली चित्रं संगणकाने बनवलेली होती, चित्रकाराचं नाव नाही, आधार नाही; रायगडावर राजस्थानी घुमटीदार छत्र्या, मावळ्यांच्या अंगावर युरोपी चिलखतासारखं काही. किंमत चारशेच्या आत आणि पोरांच्या त्यावर उड्या. अप्पा म्हणाले, "सर, लोक आधी बघतात, मग वाचतात. बघायला तरी येऊ द्या ना त्यांना." मुद्दा खोटा नव्हता. पण चुकीचं बघितलेलं खोडायला दहा पानं वाचावी लागतात, आणि ती कुणी वाचत नाही. मतदान झालं, पुस्तकं परत गेली. पोरं अजून मागतात.

अप्पांच्या पाहुण्यांसाठी काय, हा प्रश्न उरलाच होता. शिवकालीन चित्रांचा तो एकच खंड, ज्यात बेंद्र्यांची हकिगत होती, तो मोठ्या आकाराचा आणि शिवण बांधणीचा होता. त्याच्या दोन प्रती घेतल्या: एक १९ फेब्रुवारीला टेबलावर मांडायला, एक घरी न्यायला. अप्पांनी ते मान्य केलं, आणि 'संदर्भ'चा शिक्का नव्याने घेतलेल्या कुठल्याच पुस्तकावर मारायचा नाही हा ताईंचा ठरावही.

उरलेल्या पैशांची चित्रवही

सव्वीस हजारांच्या आसपास पुस्तकांत गेले. उरलेले परत न करता त्यातून खान्देशाची एक चित्रवही करायची, ही सूचना देणगीदार कुटुंबातल्या सुनेची. मोठ्या आकाराची, पारदर्शक पाकिटांची फाइल, एकेका पानावर एक चित्र आणि खाली तीच शिस्त: कुणी, कधी, कुठून. थाळनेरच्या फारुकी कबरी. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापल्याचा. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतली रॉबर्ट गिलची कबर. तो १८७९ मध्ये वारला. नाना ही कबर पाहायला मुद्दाम जाऊन आले. आणि फैजपूर: डिसेंबर १९३६, नेहरू अध्यक्ष, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथली सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून केली. हेच नंदलाल पंचवीस-सव्वीस वर्षांआधी लेडी हेरिंगहॅम या इंग्लिश चित्रकर्तीबरोबर अजिंठ्यात नकला करायला येऊन गेले होते. चित्रवहीत ही दोन पानं समोरासमोर आहेत.

फैजपूरचं पान लागल्यावर एका घरातून एक छायाचित्र आलं. पांढऱ्या टोप्यांचा जमाव, मागे बांबूचं प्रवेशद्वार, आणि "हे उजवीकडचे आमचे बाबा, फैजपूरला स्वयंसेवक होते." फोटोच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. असं प्रवेशद्वार त्या काळात कुठल्याही सभेला असू शकतं. समितीतले निम्मे म्हणाले, लावा, कुणाचं काय जातं. तरुण शिक्षक म्हणाला, नाही म्हणजे नाही. ताईंनी फोटो लावला आणि खाली लिहिलं: 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार फैजपूर, १९३६. तारखेचा लेखी पुरावा मिळालेला नाही.'

दुसरी ओळ त्या घराला लागली. नातू येऊन भांडून गेला, फोटो काढून द्या म्हणाला. ताईंनी त्याला बसवलं, महाराजांच्या चित्रांचा खंड काढला आणि इब्राहीम खानाचं पान दाखवलं. तो काही पटून गेला नाही. पण फोटो नेला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने घरातली एक पत्र्याची पेटी आणली, कुणाला मोडी वाचता येते का विचारत. पेटीतले कागद बहुतेक जमिनीचे निघाले. दोन पत्रं वाचायची राहिलीत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात कुणाला तरी दाखवायची म्हणून ती सध्या ताईंच्या कपाटात आहेत आणि फोटोखालची ओळ तशीच आहे.

नवं कपाट आता मोठ्यांच्या विभागात, दारातून आत आल्यावर डावीकडे आहे. आबा आणि नाना आपल्या स्वतःच्या कार्डावर पुस्तकं नेतात. अजिंठ्याचं सातशे रुपयांचं पुस्तक सर्वांत जास्त फिरलं, शिवण अजून शाबूत आहे. जगाचा कोश बायांच्या गटात एकीकडून दुसरीकडे जातो आणि वेळेवर परत येत नाही, त्यावर दंड लावायचा की नाही हे पुढच्या बैठकीत ठरेल.